भिंत कोण राखणार? कर्जत-खालापूरची मातीची धरणे आणि चवदार तळ्याचा धडा

जून संपत आला की कर्जत, नेरळ, भिवपुरी रोड या स्टेशनांवर लोकलमधून पोरांचे जथेच्या जथे उतरू लागतात. कुणी सोलनपाड्याला जातो, कुणी पाली-भुतिवलीला. बाइकवाले खोपोलीकडून डोणवत, भिलवले, नढाळ, कलोते गाठतात. सांडव्यावरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी पडत असते, बाजूला कणसे भाजणाऱ्या बायका बसलेल्या असतात, भिंतीच्या माथ्यावर गाड्या लावलेल्या असतात. मग कुठेतरी एखादा पोरगा बुडतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि प्रांत कार्यालयाचा मनाई आदेश निघतो. दिवाळीपर्यंत सगळे विसरतात.

आम्हीही या धरणांवर गेलो आहोत. चेंबूर, घाटकोपर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या वस्त्यांतली आपली पोरेही तिथे जातात. ज्यांच्या घरात दोन बादल्यांवरून भांडण होते, त्यांनी वर्षातून एक दिवस पाण्यात भिजायला जावे, यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही. तेव्हा हा लेख सहलीला जाऊ नका असे सांगणारा नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या भिंतीवर उभे राहून तुम्ही फोटो काढता ती मातीची आहे. ती शेवटची कुणी तपासली, कधी तपासली आणि तिच्या खालच्या अंगाला कोण राहते?

हा इंजिनिअरांचा प्रश्न आहे, चळवळीचा नाही, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटते. आमचे म्हणणे असे की धरणाची देखभाल हा आंबेडकरी चळवळीचा जुना आणि पहिल्या रांगेतला प्रश्न आहे. तो महाडलाच मांडला गेला होता. आपण त्याचा अर्धा भाग पाठ केला आणि अर्धा सोडून दिला.

महाडला नेमके काय मागितले होते?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. २० मार्चला आपण सगळे महाडला जातो, पण या ठरावाची भाषा फार थोड्यांनी बारकाईने पाहिली असेल. अस्पृश्यांना कोणते पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा खुल्या करायच्या? जे सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले आहेत, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, ते. शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही त्यात होते. म्हणजे हक्काचा आधार कुणाची दया नव्हती, धर्मशास्त्र तर नव्हतेच. आधार होता पैशाचा. तळे सगळ्यांच्या पैशावर उभे असेल तर पाणी सगळ्यांचे.

महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला धरून ठराव केला. तो कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली. ही परिषद ‘कुलाबा जिल्ह्याची’ होती, हे कर्जत-खालापूरच्या तरुणांनी विसरू नये. हे दोन्ही भाग त्याच कुलाबा जिल्ह्यात होते. त्यालाच आज रायगड म्हणतात. महाड आपल्यासाठी परके तीर्थक्षेत्र नाही, आपल्याच जिल्ह्याचा लढा आहे.

त्यानंतरची लढाई कोर्टात झाली. तळे स्पृश्यांच्या खासगी वहिवाटीचे आहे, असा दावा सवर्णांनी लावला. १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत पुन्हा पाण्यावर जाता आले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याचा दावा चालूच राहिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने तो निकालात काढला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची कायद्याला मान्य होईल अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे एकाच प्रश्नाभोवती गेली: हे तळे कुणाचे, नगरपालिकेचे की शेजारच्या घरमालकांचे?

आता संविधानाचा अनुच्छेद १५(२) उघडा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही. पण कोणत्या विहिरी, कोणते तलाव? जे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेले आहेत, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी नेमून दिलेले आहेत. बोले ठरावातला ‘राखलेले’ हा शब्द सत्तावीस वर्षांनी थेट मूलभूत हक्कांत येऊन बसला. धरणाचा तलाव त्या यादीत आहे आणि सहलीची जागाही ‘सार्वजनिक राबत्याची जागा’ म्हणून त्याच यादीत आहे.

याचा अर्थ सरळ आहे. राज्य पैसा घालून एखादे पाणी राखते तोपर्यंत त्या पाण्यावर बोट ठेवून ‘हे आमचेही आहे’ असे म्हणता येते. राज्याने राखणे सोडले की पाणी दोघांपैकी एकाच्या हाती जाते. एक तर ते कुणाचेच उरत नाही, किंवा ज्याच्याजवळ पैसा आणि कुंपण आहे त्याचे होते. म्हणून ‘देखभाल निधी नाही’ हे उत्तर ऐकून आपण गप्प बसतो, तेव्हा आपण फक्त मुरमाचे दोन डंपर सोडत नाही. हक्काचा एक पाय सोडतो.

राखणारा वेगळा, पिणारा वेगळा

जुन्या गावगाड्यात राखण कुणाकडे होती? महाराकडे. शिवेची माहिती त्याने ठेवायची, रात्री जागायचे, हाळी द्यायची, सरकारी माणसापुढे धावायचे, वाट्टेल ती वेठ करायची. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुते. गावाच्या पाण्याला मात्र त्याने शिवायचे नाही. ज्याच्या जिवावर गाव झोपत होते, त्याला गावाच्या तळ्यावर ओंजळ भरायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या बिनपगारी गुलामीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

हा इतिहास लक्षात ठेवूनच आम्ही देखभालीबद्दल बोलतो आहोत. आजकाल एखाद्या तळ्याचा बांध खचला की ‘श्रमदान’ नावाचा प्रकार सुरू होतो. साहेब फोटोपुरते घमेले उचलतात आणि दिवसभर माती वाहतात वाडीतली माणसे. ज्यांना मजुरी मिळायला हवी त्यांच्याकडून दान मागायचे, ही वेठीचीच नवी आवृत्ती आहे. आमची मागणी पगारी राखणदाराची आहे आणि राखणाऱ्याचा पाण्यावर पहिला हक्क असावा, अशी आहे.

पाणी अडवणे आणि अडवलेले राखणे यांवर आपल्या परंपरेत पुष्कळ विचार झाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे सगळ्यांना माहीत असते. पण ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी रिकाम्या पलटणींना आणि पोलिसांना डोंगरउतारावर ताली-बंधारे घालायला लावावे, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, अशी सूचना केली होती. पाटबंधारे खात्याचे अधिकारी पट्टी वसूल करतात आणि शेतकऱ्याला पाणी नीट पोचते की नाही हे पाहत नाहीत, हा त्यांचा आरोप होता. तो आजच्या खात्यावरही जसाच्या तसा लावता येतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या खात्यात होते. जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीचा मातीचा बांध फुटला, वर्धमानकडचा मुलूख पाण्याखाली गेला, कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे आणि रस्ता तुटला. त्या फुटलेल्या बांधातून पुढे दामोदर खोरे योजना उभी राहिली. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याला आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला ओरिसाच्या नद्यांसाठी कटकला झालेल्या परिषदांत बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते. बांधामागून बांध घालून पुराला अडवत बसू नका, संपूर्ण नदीचा एकत्र विचार करा, पाण्याला वैरी न मानता साठवा आणि त्या कामाला एक जबाबदार यंत्रणा द्या, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. ‘एक जबाबदार यंत्रणा’ हे शब्द ध्यानात ठेवा. आपल्या तालुक्यातल्या छोट्या धरणांना नेमके तेच मिळालेले नाही.

मातीचे धरण कसे मरते

आता थोडे धरणाबद्दल. कार्यकर्त्याला एवढे कळायलाच हवे, नाहीतर साहेब समोर दोन तांत्रिक शब्द टाकतो आणि आपण परत येतो.

मातीचे धरण म्हणजे नुसता ढिगारा नसतो. मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी रोखतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव असतो. तो गाभ्याला तोलून धरतो. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचे पिचिंग असते. खालच्या बाजूच्या पायथ्याशी दगडांची टाच असते. भिंतीत मुरलेले पाणी तिथून माती न आणता बाहेर पडावे, हा तिचा उद्देश. पाणी सोडायला एक विमोचक असतो, त्याचा नळ भिंतीखालून जातो. आणि एका कडेला सांडवा असतो, तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जाण्यासाठी. ज्याला सगळे ‘धबधबा’ म्हणतात तो बहुतेक वेळा हा सांडवाच.

असे धरण मुख्यतः तीन तऱ्हांनी जाते.

पहिली तऱ्हा, माथ्यावरून पाणी जाणे. सांडवा तुंबला, त्याच्या तोंडाशी झाडेझुडपे, गाळ, कचरा साचला किंवा माथा एखाद्या ठिकाणी खचून खाली आला, तर पाणी तिथून वाहू लागते. काँक्रीटची भिंत ते कदाचित सोसेल. मातीची भिंत काही तासांत कापली जाते.

दुसरी तऱ्हा, आतून पोखरले जाणे. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो. स्वच्छ पाणी, ठरलेल्या जागी, दरवर्षी साधारण तेवढेच येत असेल तर ते धरणाचे श्वास घेणे समजा. पण पाणी गढूळ येऊ लागले, नवी जागा दिसली किंवा धार वाढली, तर समजावे की ते आतली माती घेऊन येत आहे. भिंतीच्या पोटात नळी पडत चालली आहे. बऱ्याचदा ही नळी विमोचकाच्या नळाच्या कडेने पडते, कारण काँक्रीट आणि माती यांचा सांधा तिथे कच्चा राहतो. १२ जुलै १९६१ ला पुण्यावर आलेला पानशेतचा प्रलय आठवा. मातीचे धरण, अपुरे राहिलेले काम आणि विमोचकाशी खचलेला भराव.

तिसरी तऱ्हा, उतार घसरणे. खालच्या अंगाचा मुरूम पाण्याने भिजून जड झाला, टाच बुजली, पाण्याला वाट उरली नाही की उताराचा लचका निघतो.

या तिन्ही गोष्टी एका रात्रीत होत नाहीत. भिंतीवर झाडे वाढतात, त्यांची मुळे आत जातात, झाड मेले की मूळ कुजून पोकळी राहते. उंदीर, घुशी, खेकडे बिळे करतात. गुरांच्या आणि माणसांच्या पायवाटा उतारावरून उतरतात, पावसाचे पाणी त्याच वाटांनी धावते आणि घळी पडतात. चुलीसाठी कुणी पिचिंगचा दगड उचलतो. माथ्यावर गाड्या लावल्या की चाकोऱ्या पडतात आणि तिथे पाणी साचते. बाटल्या आणि पिशव्या पायथ्याच्या गटारात अडकतात. यातली एकही गोष्ट एकट्याने धरण फोडत नाही. मे महिन्यात चार मजुरांनी गवत-झुडूप कापले, बिळे बुजवली, दगड परत लावले, सांडव्याचे तोंड साफ केले आणि ऑक्टोबरात कुणी वहीत पाझराची नोंद केली, तर बहुतेक संकट टळते. देखभाल म्हणतात ती हीच. तिला ना भूमिपूजन, ना फीत कापणे. म्हणून ती होत नाही.

खेकड्यांचे तिवरे

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. लहान, मातीचे, वीसेक वर्षांपूर्वीचे. खालच्या भेंदवाडीतली घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली. गावकरी गळतीच्या तक्रारी आधीपासून करत होते. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की खेकड्यांनी धरण पोखरले.

महाराष्ट्र हसला. लोकांनी पोलीस ठाण्यात खेकडे नेऊन दिले. पण हसण्यात मुद्दा हरवला. खेकडे भिंतीत बिळे करतात, हे काही खोटे नाही. ती बिळे दिसायला भिंतीवरचे गवत कापावे लागते आणि कापलेल्या भिंतीवरून कुणीतरी पगारी माणसाने चालावे लागते. खेकडा म्हणजे न झालेल्या पाहणीचा पुरावा. त्यालाच आरोपी केले की पाहणी न करणारा सुटतो. जातिव्यवस्थेतही हेच घडत आले आहे. सफाई कामगार गटारात मेला की दोष वायूचा, विद्यार्थी मेला की दोष त्याच्या मनाचा.

त्याच महिन्यात, २७ जुलै २०१९ ला, उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. ती नदी कर्जतवरूनच खाली जाते. माथेरानच्या डोंगरावर वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिवऱ्याचा पाऊस आपल्याकडे पडत नाही, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या तालुक्यांत

कर्जत-खालापूर हा धरणांचाच मुलूख आहे. घाटमाथ्यावर टाटांची धरणे, खाली खोपोलीचे वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पाताळगंगेकाठचे कारखाने आणि राजनाल्याच्या कालव्यावरची कर्जतची उन्हाळी भातशेती उभी राहिली. खालापुरात मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि पाणी तिकडेच जाते. ही मोठी धरणे राखली जातात, कारण त्यांच्या पाण्याचा पैसा होतो. पाणी तुटले तर त्याच दिवशी शहरातून फोन येतो.

छोट्या धरणांना असा फोन करणारा कुणी नाही. त्यांच्या पाण्यावर ज्यांचा जीव आहे त्या कातकरी आणि ठाकूर वाड्या, बौद्धवाड्या, दोन-चार गुंठे भाजी लावणारे कुणबी-आगरी शेतकरी. पाली-भुतिवलीचे धरण बांधून झाले तरी कालव्यांची कामे वर्षानुवर्षे रखडली आणि दरम्यान आसपास फार्महाऊसे उभी राहिली. एप्रिल-मे आला की कर्जतच्या वाड्यांत टँकर फिरतात. पावसाळ्यात ज्या पाण्यावर मुंबई मजा करते, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात.

कायद्यातही या धरणांना जागा नाही. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, आपत्तीचा आराखडा, जबाबदार अधिकारी, सगळे त्यात आहे. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीचे असेल तर लांबी, साठा, सांडव्याचा विसर्ग किंवा पायाची अडचण यांच्या काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्याखालचे पाझर तलाव आणि गावतळी कायद्याच्या बाहेर. पाणी मात्र उंची मोजून माणसे मारत नाही. आठ मीटरच्या भिंतीखाली वाडी असेल तर तिच्यासाठी ते मोठे धरणच.

आणि जबाबदारी? सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण खाते, त्यापुढे जलसंपदा. बाजूची जमीन वनखात्याची किंवा खासगी, पार्किंगची पावती स्थानिकांची, मनाई आदेश महसूलचा, बंदोबस्त पोलिसांचा. भिंत कुणाची, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

मागे आम्ही काहीजण आमच्याच भागातल्या एका छोट्या धरणावर गेलो होतो. खालच्या उतारावर पुरुषभर झुडपे, सांडव्याच्या भिंतीला भेग, पायथ्याशी ओल. ओल जुनी की नवी, हे सांगणारी एकही नोंद कुठे नाही. विचारायला एका कचेरीत गेलो, त्यांनी दुसरीकडे धाडले, दुसरीकडून तिसरीकडे. तिसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी आम्हालाच विचारले की हे धरण कोणत्या यादीत आहे. खालच्या वाडीतल्या एका आजीने सांगितले की रात्री पावसाचा जोर वाढला की त्या नातवंडांना उठवून वरच्या अंगाला नेतात. त्या धरणाची खरी पाहणी एवढीच. ती आजी करते, आणि तिला पगार नाही.

‘यादीत नाही’ हे शब्द खालापूरला नवे नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर समाजाची वाडी, गाडीरस्ता नाही, खाली मोरब्याचे पाणी. ८४ माणसे गेली, त्यातल्या ५७ जणांचे मृतदेहही मिळाले नाहीत. सरकारने विधानसभेत सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ती दरड होती आणि आपण धरणाबद्दल बोलत आहोत, हे आम्हाला कळते. पण दोन्हीकडे रोग एकच आहे. जी वस्ती मोजली जात नाही तिचा धोकाही मोजला जात नाही.

बंदी ही देखभाल नव्हे

दर पावसाळ्यात सरकार काय करते? जमावबंदी. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा आदेश आणखी कडक झाले. जीव वाचत असतील तर आमचा विरोध नाही. पण या आदेशाचा परिणाम कुणावर होतो ते पाहा. लोकलने येणारे पोरगे स्टेशनबाहेर अडवले जाते. कणसे विकणाऱ्या आदिवासी बाईची चार महिन्यांची कमाई बुडते. रिसॉर्टमध्ये खोली घेतलेला पाहुणा मात्र त्याच जलाशयाच्या काठी आरामात बसतो. सार्वजनिक राबत्याची जागा अशा रीतीने हळूहळू पैसेवाल्यांच्या राबत्याची होते. आणि आदेशाने भिंतीवरचे एक झुडूपही कापले जात नाही.

काही मित्र म्हणतील, ॲट्रॉसिटी, आरक्षण, खासगीकरण असे मोठे प्रश्न पडले असताना झुडपे कसली कापायला सांगता? त्यांना आमचे उत्तर असे की खासगीकरण नेमके इथूनच सुरू होते. शाळा आधी गळू लागते, मग पटसंख्येचे कारण सांगून बंद होते. दवाखान्यातली औषधे आधी संपतात, मग त्याच्या शेजारी खासगी दवाखाना उभा राहतो. तलावाची भिंतही आधी खचू दिली जाते आणि मग ‘पर्यटन विकासासाठी’ कुणाला तरी दिली जाते. देखभाल काढून घेणे हा हक्क काढून घेण्याचा गुपचूप मार्ग आहे.

दुसरे मित्र म्हणतील, रायगड पाचव्या अनुसूचीत नाही, पेसा लागू नाही, ग्रामसभेला कोण विचारतो? खरे आहे. म्हणूनच माहितीचा अधिकार आणि अनुच्छेद १५(२) ही आपली हत्यारे आहेत. ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर काय करायचे?

१. आपापल्या गावाजवळच्या प्रत्येक छोट्या धरणाची नोंद करा: नाव, खाते, खाली कोणत्या वाड्या, किती घरे. सरकारच्या यादीत नसेल तर आपली यादी करा.

२. माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. पाच गोष्टी मागा: भिंतीची उंची आणि साठा, बांधल्याचे वर्ष, मागील पाच वर्षांतील पाहणीचे अहवाल, दुरुस्तीवरचा खर्च, जबाबदार अधिकाऱ्याचे पद. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर तो सर्वांत मोठा पुरावा समजा आणि जपून ठेवा.

३. मे आणि ऑक्टोबरच्या पाहणीचा अहवाल खालच्या वाडीसमोर ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी मागणी करा. धरणावर फलक लावावा आणि त्यावर पाहणीची तारीख असावी.

४. खालच्या वाडीतलाच राखणदार नेमावा, पगारावर. श्रमदान नको.

५. पार्किंग आणि प्रवेशाची जी वसुली होते तिचा हिशेब ग्रामसभेत यावा आणि त्यातला पहिला वाटा भिंतीला मिळावा.

६. उन्हाळ्यात धरणातल्या पाण्यावर पहिला हक्क वाड्यांच्या पिण्याचा असावा.

आणि सहलीला गेलात तर गाडी माथ्यावर लावू नका, उतारावरून चढू नका, पिचिंगचा दगड हलवू नका. पायथ्याशी पाणी येताना दिसले तर दोन मिनिटे थांबून पाहा, ते स्वच्छ आहे की गढूळ. गढूळ असेल तर फोटो काढा, तारीख लिहा आणि खालच्या वाडीत जाऊन सांगा. ती माणसे कोण आहेत ते तुम्हाला तिथे गेल्यावर कळेलच. बहुतेक वेळा ती आपलीच असतात.

चवदार तळ्याला पाणी होतेच. १९२७ साली प्रश्न होता त्यावर हक्क कुणाचा, हा. शंभर वर्षे होत आली. हक्क संविधानात लिहिला गेला, आणि ज्या तळ्यांवर तो चालवायचा त्यांच्या भिंती खचत आहेत. येत्या २० मार्चला महाडला जाल तेव्हा जाण्याआधी आपल्या गावाजवळच्या एका धरणाचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून जा. पुढच्या पावसाआधी उत्तर आलेले असेल.

जय भीम!